लाल झाकण

पेंटरने पिशवीतून रंगाच्या डब्याचं झाकण काढलं आणि कॉम्प्युटरच्या दुकानातल्या तिसऱ्या स्क्रीनला भिडवलं.

"हा लाल नाही. विटलेला आहे."

मशीन जोडून देणाऱ्या बाईने चौथ्या स्क्रीनवर लाल पसरवला.

तीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. गेल्या वर्षापासून उजवा हात थरथरू लागला आणि सरळ रेघेला पोट सुटायला लागलं. मुलगी म्हणाली, अक्षरं कॉम्प्युटरवर काढा, चुकलं तर पुसता येतं. बेकरीवाल्याची पाटी हातात होती. ती जमली नाही तर ब्रश कायमचा खाली ठेवायचा, हे त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

मुलीचा स्वार्थही होताच. ती गेमच्या स्पर्धा खेळायची. तिला चित्र भराभर पळवणारा स्क्रीन हवा होता, शिवाय कॉम्प्युटरची आतून सात रंगांत उजळणारी पेटी. बाईने पेटीतले दिवे आधी यादीतून खोडले. ग्राफिक्स कार्ड दमदार घ्या, ते दोघांनाही लागेल. रॅमही भरपूर घ्या. पण स्क्रीन एकच घेणार, तर वेग तरी मिळेल नाहीतर खरा रंग, एकाला मन मारावं लागेल, असं तिने स्पष्टच सांगितलं.

मुलगी वेगवान स्क्रीनसमोर थोडा वेळ घुटमळली. मग वडिलांच्या हातातलं झाकण घेऊन तिनेच चौथ्याला लावलं. झाकण कुठे संपतं आणि स्क्रीन कुठे सुरू होतो, ते कळेना.

"हाच घ्या, बाबा. हरले तर त्याच्या नावाने बोटं मोडीन."

चार दिवस मशीन पळालं. पाचव्या दिवशी धापा टाकायला लागलं. कॉम्प्युटरच्या पेनाने अक्षर ओढावं, तर स्क्रीनवर रेघ मागून रांगत यायची. पंखे घोंघावायचे आणि सगळं काळं व्हायचं. आपल्याला हे झेपणारं नव्हतंच, म्हणत पेंटरने पेन ठेवून दिलं. मुलगी जाऊन बाईला घेऊन आली.

बाईने पाहिलं आणि ओठ दाबले. पेटीवर जमिनीपर्यंत जाड निळं आवरण होतं, कडेला झालर. धूळ बसू नये म्हणून पेंटरच्या बायकोने दोन दुपारी खपून ते शिवलं होतं, आणि चालू मशीनवरूनही काढायचं नाही, अशी घरात सक्त ताकीद होती.

"गुदमरलंय हो ते. आतली गरम हवा बाहेर कुठून जाणार?"

बायकोचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळेच?"

"शिवण सुरेख आहे, ताई. फक्त बंद केल्यावर घाला."

"माझे शर्टही हीच शिवते," पेंटर म्हणाला. "आता कळलं, मला धाप का लागते."

"पोट मावेना, त्याला शिवण काय करील?" बायको म्हणाली, आणि आवरण काढून घेतलं.

मशीन निवल्यावर पेंटरने कोपऱ्यातली हात टेकायची जुनी काठी आणली, टेबलावर आडवी धरली आणि तिच्यावर मनगट ठेवून पेन उचललं. रेघ थरथरली. पुसली. पुन्हा ओढली. मुलीची संध्याकाळची स्पर्धा जवळ आली होती. गळ्यात हेडफोन अडकवून ती खुर्चीमागे उभी होती, पण आपली पाळी आहे असं काही म्हणाली नाही.

सातव्या खेपेला बेकरीच्या 'ब'ची उभी रेघ सरळ उतरली, झाकणासारखी लालभडक.

पेंटर पुढच्या अक्षराला लागला. बायको आवरणाची घडी मांडीवर घेऊन बसून राहिली, मशीन कधी निजतंय याची वाट पाहत.