पन्नास किलोंची पूर्णिमा आणि भिंतीकडे तोंड केलेला मी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. सध्या भिंतीकडे तोंड करून उभा आहे आणि माझं डोकं भयंकर फिरलं आहे.

माझी पहिली अकरा वर्षं विश्रांतवाडीच्या एका रद्दीच्या दुकानात गेली. दरवर्षी तपासनीस येऊन मला पारखायचे, शिक्का मारायचे. तारीख चुकली की मालकाला दंड! पुढे दुकान बंद झालं आणि कोथरूडच्या एका कॉलेजात कुस्ती शिकवणाऱ्या हेमा मॅडमनी मला त्यांच्या हॉलमध्ये आणलं. मुली माझ्यावर चढायच्या, जिलेबी खाल्लेली पकडली गेली की मला शिव्या घालायच्या. सुखाचे दिवस होते ते.

जूनमध्ये यवतमाळहून पूर्णिमा आली. वजन त्रेपन्न, गट पन्नास किलोंचा. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे तिचं एक वर्ष बुडालं होतं, कॉलेजही बदललं होतं. त्यामुळे ती आंतरविद्यापीठ स्पर्धेला पात्र आहे की नाही, हे पात्रता समिती ठरवणार होती. जुलैत अर्ज गेला. मॅडम फोन करायच्या आणि पलीकडून एकच उत्तर यायचं, "फाइल टेबलावर आहे. निर्णय कधीही येईल."

या 'कधीही'नेच घात केला. एरवी मुली स्पर्धेच्या आठवड्यात वजन उतरवतात आणि नंतर पोटभर जेवतात. पण निर्णय आला की दुसऱ्याच दिवशी तिची निवड चाचणी होणार होती. म्हणून पूर्णिमा रोजच पन्नासच्या आत राहू लागली. एक महिना, दोन महिने, चार महिने! आधी दिवसातून एकदा माझ्यावर चढायची, मग सहा-सहा वेळा. घोटभर पाणी प्यायली तरी चढायची. तिची झोप गेली, हसू गेलं. मी सत्तेचाळीस दाखवले, तर म्हणाली, "काटा बिघडलाय. मी एवढी कमी नाही."

मी बिघडलो? मी!

एका सकाळी ती माझ्यावरच कोसळली. मॅडमनी तिला मांडीवर घेतलं.

"अगं, खड्ड्यात गेली ती स्पर्धा. आधी जेव."

"समितीनं नाही म्हटलं असतं ना मॅडम, तरी चाललं असतं जी," ती पुटपुटली. "रडली असती, जेवली असती. हे तर काहीच बोलत नाहीत."

मॅडम तिला डॉक्टरांकडे आणि मग समुपदेशकाकडे घेऊन गेल्या. स्पर्धा होऊन गेली. त्यानंतर नवव्या दिवशी पत्र आलं. त्यात एकच ओळ होती, 'सदर खेळाडू पात्र आहे.'

मॅडमनी ते माझ्यावर ठेवलं. "बघ बाबा, किती भरतंय." काटा तसूभरही हलला नाही. त्या कागदापायी एका मुलीने सहा किलो आणि झोप घालवली होती.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी निर्णय देणाऱ्या खुर्चीत बसेल. हो म्हणा, नाही म्हणा, पण वेळेवर म्हणा. तुमच्या टेबलावर फाइल असते, तिच्याखाली माणूस असतो.

पूर्णिमा परवा हॉलमध्ये आली. माझा आकडा तिला दिसू नये म्हणून मॅडमनी मला भिंतीकडे वळवलं. बरोबरच केलं त्यांनी. पण एवढ्या सगळ्यात शिक्षा झाली ती एकट्या मला, आणि मी तर रोज खरं आणि लगेच सांगत होतो.