चिकूच्या फोडींशेजारी वाळलेला पडदा

"आई! माझा पडदा कुठाय?" मी अशी ओरडले की अर्ध्या आशागडला ऐकू गेलं असेल.

"कुठला? परातीत चौकटीसकट भिजत पडलेलं ते प्लास्टिक? गच्चीवर घातलंय उन्हात, चिकूच्या फोडींशेजारी. पाण्यात कुजलं असतं ना गं!"

मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, त्या पातळ पडद्यापायी मी चार वर्षं प्रयोगशाळेत घासतेय! हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या आमच्या पेटीचा जीवच तो. प्रोटॉन तेवढे पलीकडे सोडतो, गॅस अडवतो. पण भिजला की फुगतो, सुकला की आकसतो, आणि चौकटीत ताणून बसवलेला असल्यामुळे आकसताना कडेला चिरतो. माझे सुरुवातीचे सगळे असेच गेले. एक चिरला की अख्खी पेटी बंद.

आणि दुपारी तीच पेटी कासा गावाच्या पुढच्या एका पाड्यावर, आरोग्य उपकेंद्रात लावायची होती. तिथे वीज गेली की नर्स प्रगतीताई लशी घेऊन जीपने कासाच्या मोठ्या दवाखान्यात पळतात. आज माझ्या सरांसमोर लशींचा फ्रिज नीट चालला तर पेटी तिथेच राहणार होती, नाहीतर परत.

"एवढं तणतणायला काय झालं?" आई हसत म्हणाली. "रविवारी मावशीला तूच सांगत होतीस ना, आता माझा पडदा कितीही सुकवा, त्याला काही होत नाही म्हणून? मग?"

असा राग आला म्हणून सांगू! कारण बोलणं खरं होतं. यंत्रात घालून मीच त्याला हजारदा भिजवला-सुकवला होता. मग गच्चीवरच्या उन्हाला मी का घाबरावं?

बॅगेत दुसरा नवाकोरा पडदा होता. तो बॅगेतच राहू दिला. आईने वाळवलेलाच मी स्वच्छ धुतला, भिजवला आणि पेटीत बसवला.

उपकेंद्रात सरांनी मेन स्विच बंद केला. मी गॅस सोडला. फ्रिज घरघरला आणि चालू राहिला. तासाभराने पाहिलं तरी मीटरवर विजेचा आकडा घसरला नव्हता. "बघा! म्हटलं नव्हतं मी?" मी जोरात टाळीच वाजवली.

मग सरांना आईचा पराक्रम सांगितला. त्यांचा चेहरा पडला.

"आणि तू तोच घातलास, सोनल? नवा हाताशी असताना? इथे सगळ्यांसमोर फाटला असता तर?"

"सर, ही पेटी वीज गेली की चालणार, मग कित्येक दिवस नुसती पडून सुकणार. फाटायचाच असेल तर आज आपल्यासमोर फाटू दे, म्हटलं. आपण निघून गेल्यावर, प्रगतीताई एकट्या असताना नको."