लहान गिऱ्हाइकांची फळी

मी फळी बोलतेय. लाकडाच्या जातीची, म्हणून शपथ घेते तीही वाळवीची: यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं, तर मला आजच वाळवी लागो!

माझा जन्म जहाजावर झाला. भर वादळात जहाज फुटलं, कप्तान मला मिठी मारून किनाऱ्याला लागला आणि... बरं, राहू दे. जहाज नव्हतं. मी एका मोडक्या कपाटाचा मधला खण होते. कपाटात कपडे कमी, झुरळं जास्त. वाळवीबाई, एवढं पोटात घाला. पुढचं सगळं खरं.

कपाटातून माझी सुटका केली एका न्हाव्याने. त्याचं भागीदारीत छोटंसं सलून होतं. एकुलती एक मुलगी शाळा सुटली की तिथेच यायची. खुर्चीत बसली की आरशात तिला फक्त स्वतःचा भांग दिसायचा. "बाबा, बाकीची मी कुठाय?" म्हणून एकदा तिने भोकाड पसरलं. बाबांनी मला मापाने कापलं, खुर्चीच्या दोन्ही हातांवर आडवी टाकली आणि तिला वर बसवलं. आरशात अख्खी मुलगी!

पण केस कापायच्या मशिनची घरघर ऐकली की ती थरथरायची. म्हणून बाबांनी थाप ठोकली, "ही जहाजाची फळी आहे बरं का. कप्तान, हललात तर समुद्रात!"

ती हलली नाही. पण भीतीला कुठेतरी वाट हवीच ना? ती तिने नखांनी माझ्या कडांवर काढली. इवल्या इवल्या खाचा पडल्या. अजून आहेत.

पुढे कितीतरी पोरं माझ्यावर बसली. सगळ्यांना तीच थाप. त्या मुलीचे पाय जमिनीला टेकले, तिचं लग्न झालं. पोरं नसतील तेव्हा मी दाराआड, झाडूच्या शेजारी. झाडूचा स्वभाव टोचरा, पण निभावलं.

मग बाबा गेले. सलून त्यांचे भागीदार काका एकटेच चालवू लागले आणि तिचा नवरा वरचेवर यायला लागला. डोक्यावर कापण्यासारखं काही उरलेलं नसलं तरी येऊन बसायचा.

"बोला जावईबापू, आज काय कापू? कान?"

"काका, ती रडत नाही हो. सगळ्यांचे डोळे हिने पुसले, हिचे मात्र कोरडे. घरी आली की धुतलेली भांडी पुन्हा धुते. विचारलं की म्हणते, मी ठीक आहे. तिला काहीतरी द्यावं म्हणतोय. कानातले दिले, तर 'छान आहेत' म्हणून डबीसकट कपाटात. बाबांचा फोटो मोठा करून आणला, तर तो पुसून सरळ केला आणि गेली भांड्यांकडे."

सलूनमध्ये सल्ला फुकट. एक म्हणाला, फिरायला न्या. दुसरा म्हणाला, मांजर पाळा. तिसरा तोंडाला साबण असतानाच बोलला, "मिक्सर घ्या. आमची ही मिक्सर आणल्यावर कशी खुलली!"

"तुमच्याकडे कोण गेलं होतं?" काकांनी विचारलं.

"कोणी नाही. जुना मिक्सर गेला होता."

तेवढ्यात एक बाई छोट्या मुलीला घेऊन आली. काकांनी मला दाराआडून काढलं, खुर्चीवर टाकलं आणि पोरीला वर बसवून दरडावलं, "कप्तान, हललात तर समुद्रात!"

जावयाच्या हातातला पेपर खाली आला. "हे तुमचं वाक्य?"

"छे हो, तुमच्या सासऱ्यांचं. फळीही त्यांचीच. तुमच्या हिच्यासाठीच तर केलेली."

जावई माझ्याकडे बघतच राहिला. मग चाचरत म्हणाला, "मी... नेऊ?"

काकांनी माझ्यावरून एकदा हात फिरवला. "न्या. पोरांना मी उशा देईन."

इथवर सगळं झकास. पण चांगली वस्तू आणखी चांगली करायला गेल्याशिवाय काही माणसांना चैन पडत नाही! स्वारी मला घेऊन थेट सुताराकडे. म्हणे, हिचं शेल्फ करू, वर बाबांचा फोटो ठेवू.

"आधी रंधा मारतो. कडा पार खराब झाल्यात," सुतार म्हणाला. "जरा घट्ट धरा."

माझी पाचावर धारण बसली. रंधा कडेला टेकला, जावयाने मला घट्ट धरलं आणि त्याच्या बोटांना खाचा लागल्या. त्याने एक बोट आत घालून पाहिलं. बसेना. दुसरं पाहिलं. तेही बसेना. एवढी लहान नखं कोणाची, हे मग त्याच्या ध्यानात आलं.

"थांबा! रंधा नको. शेल्फ पण नको. काहीच नको."

"मग आणलीत कशाला?"

"शहाणपणा करायला, दुसरं काय!"

त्या संध्याकाळी त्याने मला आहे तशी, काखेत मारून घरी नेलं. ती भांडी धूत होती. त्याने हातांच्या खुर्चीवर मला आडवी टाकली. तिने वळून पाहिलं. नळ वाहतच राहिला.

"ही इथे कशी?"

वाटेत पाठ केलेलं भाषण तो साफ विसरला. "बस ना," एवढंच म्हणाला.

"अरे, मोडेल ती."

"मोडतेय कसली! जहाजाची आहे."

ती बसली. खाली न बघताच तिचे हात माझ्या कडांवर गेले आणि नखांना आपल्या जागा सापडल्या. त्याने तिच्या खांद्यांभोवती टॉवेल गुंडाळला आणि जमेल तसा बाबांचा आवाज काढला, "कप्तान, हललात तर समुद्रात!"

आणि ती खळखळून हसली.

हल्ली मी पुन्हा सलूनमध्ये आहे. "काका, पोरं उशांवरून घसरत असतील," म्हणत तिनेच मला परत आणलं. सुट्टीच्या दिवशी येते आणि पोरांना ती थाप स्वतः मारते. गोष्ट इथेच संपवणार होते. पण कालपासून एका कोपऱ्याला खाजतंय आणि मला शपथ आठवतेय.

तर वाळवीबाई, कबूल करते. ती हसली नाही. हसली म्हटलं की भेट पावली असं लोकांना वाटतं, म्हणून तेवढं पदरचं घातलं. खरं म्हणजे ती हलली. आधी बोटं, मग खांदे, मग सगळीच. इतके दिवस न रडलेली बाई अशी रडली, की टॉवेल पिळावा लागला. "रडू नकोस" असं तो एकदाही म्हणाला नाही. नळ बंद केला, खाली बसला आणि तिचे पाय धरून राहिला, खांद्यावर उचललेल्या पोराचे धरतात तसे.

आणि कपाटाचा खण असले, तरी त्या संध्याकाळी मी जहाजाचीच होते. यासाठी वाळवी लागणार असेल, तर खुशाल लागो.