तक्रार नाही

मी लतिका. अशोकस्तंभाजवळ चौतीस वर्षं मराठी टायपिंगचा क्लास चालवते आणि तोंडाने फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात टाइपरायटर मशीनवर झाली. कॉम्प्युटर आले तशी मशीन भंगारात दिली. मग रोज नवं सॉफ्टवेअर, प्रत्येकाचा फाँट वेगळा. एकात केलेलं पत्र दुसऱ्यात उघडलं की नुसती गिचमिड. युनिकोड आलं आणि तेवढा ताप गेला, पण कीबोर्ड दोन उरलेच, जुना मशीनचा आणि नवा. जुन्यात 'क' डाव्या हाताला, नव्यात उजव्या. वर बसलेले ठरवतात आणि बोटं आमची मोडतात.

शुभांगी पेठ गावाहून यायची, दोन वर्षं, रोज एसटीने. लिपिकाच्या भरतीला तिची ही शेवटची संधी, पुढच्या महिन्यात वय उलटणार होतं. अर्जात तिने जुना कीबोर्ड स्पष्ट मागितला होता. मिनिटाला चाळीस शब्द, आणि चूक शोधून दाखवा.

परीक्षेला मीही सोबत गेले, फाटकाशी थांबले. अर्ध्या तासाने ती खाली मान घालून बाहेर आली.

"बाई, आपला कीबोर्डच नव्हता. नवाच होता. साहेब म्हणले, भाषा तीच हाय ना, करा."

"किती झालं?"

"सात ओळी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा हात धरून मी तडक आत शिरले. केंद्रप्रमुख विश्वेश साहेब, वय असेल तिशीचं, चहा पीत होते.

"मॅडम, हल्ली सगळे मोबाईलवर मराठी लिहितात," ते म्हणाले. "एवढं काय त्यात?"

"तुमच्या गाडीच्या ब्रेक आणि क्लचची रातोरात अदलाबदल करते. मग गंगापूर रोडने घरी जाऊन दाखवा."

फाइलमधून एक कागद काढून त्यांनी माझ्यापुढे सरकवला. 'कीबोर्ड अर्जाप्रमाणे आहे. तपासला. तक्रार नाही.' खाली शुभांगीची सही. कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आधीच दारात सगळ्यांकडून घेतलेली, असं तिनेच सांगितलं.

मग मी तिच्यावरच उखडले. "डोळे फुटले होते का तुझे? न वाचता सही ठोकलीस?"

ती हळूच म्हणाली, "बाई, तुम्हीच सांगता ना. परीक्षेला निघताना दरवेळी. सही मागितली की गपचूप करायची, साहेबांशी वाद घालायचा नाय."

खरं होतं. चौतीस वर्षं प्रत्येक बॅचला मी हेच सांगत आले. मुलांचं नुकसान नको म्हणून सांगत होते, असं मला वाटायचं. लाज वाटली, आणि रागही गेला नाही.

मी कोरा कागद मागितला आणि हाताने लिहिलं: मागितलेला कीबोर्ड दिला नाही. सही कॉम्प्युटर बंद असताना घेतली. उमेदवाराने ती न वाचता केली, कारण मी माझ्या क्लासमध्ये तसंच शिकवते. परीक्षा याच महिन्यात पुन्हा घ्या.

विश्वेश साहेबांनी दोनदा वाचलं. "मॅडम, हे लेखी देऊ नका. तुमच्या क्लासची मान्यता जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं. "शिक्का मारा आणि पोहोच द्या."