वरून जुना, पोटातून नवा

मी एक कुलूप बोलतोय. कडीला लोंबकळणारं नव्हे, दाराच्या लाकडातच बसवलेलं. खोक्यावर माझं नाव 'डेडबोल्ट' असं छापलेलं होतं, पण गेवराईत मला सगळे 'आतलं कुलूप' म्हणतात. बाहेरून पाहाल तर दारावर एक पितळी चकती आणि तिच्या मधोमध किल्लीचं भोक, एवढाच मी दिसतो. आतल्या बाजूला हाताने फिरवायची एक फिरकी. आणि या दोघांच्या मध्ये, दाराच्या पोटात, बोटभर जाडीचा पोलादी दांडा. किल्ली फिरली की दांडा सरकून चौकटीच्या भोकात जातो, आणि घर बंद.

बारा वर्षं मी एवढंच काम केलं. पण गेल्या महिन्यात माझ्या पोटात असं काही घडलंय, की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आणि गंमत म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही!

माझा जन्म अलीगढच्या एका कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी बीडच्या एका दुकानात आलो आणि तिथे शहादेव सरांनी मला हातात घेतलं. सर आयटीआयत फिटरचा विषय शिकवायचे. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं, किल्ली घालून कानाशी धरून फिरवली, आणि दुकानदाराला म्हणाले, "हे द्या. याचा आवाज चांगला हाय."

घराचं बांधकाम संपत आलं होतं. दार सागवानी. सुतार तयार उभा असताना सरांनी त्याला हात लावू दिला नाही. "लाकूड तुझं, लोखंड माझं," म्हणाले, आणि स्वतः होल-सॉ लावून दाराला गोल भोक पाडलं. मला त्यात असं बसवलं की कागद सरकायला जागा नाही. फक्त चौकटीतली पट्टी, म्हणजे दांडा ज्या भोकात जातो ती लोखंडी पट्टी, शेवटच्या दुपारी बसली. दुसऱ्या दिवशी गृहप्रवेश, बुद्धवंदनेला पाहुणे यायचे, मांडववाला दारात हाका मारतोय, अशा गडबडीत.

त्या दिवसापासून मी थोडा अडायचो. डाव्या हाताने मूठ धरून दार किंचित वर उचलायचं आणि उजव्या हाताने किल्ली फिरवायची, तेव्हा कुठे दांडा सरकायचा. घरातल्या सगळ्यांना त्याची सवय झाली. सर म्हणायचे, "सागवान फुगलंय." सागवान फुगलं नव्हतं. पण दार उघडलं की कुलपाला कोण विचारतंय?

घरात माणसं तीन. सर, त्यांच्या पत्नी चतुराबाई, आणि मुलगी मोहिनी. मोहिनी पुढे संभाजीनगरला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. मग घरात दोघंच उरली. सर निवृत्त झाले, तरी सकाळ-संध्याकाळ घराबाहेर. चतुराबाईंना तर सारखं कुठे ना कुठे जायचं असायचं. कधी विहारात, कधी बायकांच्या बैठकीला, आणि महिन्यातून एकदा चकलांब्याला धाकट्या बहिणीकडे. मला दिवसातून आठ-दहा वेळा फिरावं लागायचं. भारी दिवस होते ते.

मग मागच्या हिवाळ्यात सरांना अर्धांगाचा झटका आला. बीडच्या दवाखान्यातून पंधरा दिवसांनी परतले तेव्हा त्यांचा उजवा हात अंगाला चिकटलेला होता आणि डाव्या हातात काठी. हळूहळू चालायला लागले. बोलणंही सुधारलं. उजवा हात मात्र उठेना.

चौदा एप्रिलला पांढरेशुभ्र कपडे घालून दोघं विहारात गेली. सर थकले, म्हणून भाषणं चालू असतानाच एकटे परतले. खिशातून किल्ली काढली. काठी भिंतीला टेकवली. डाव्या हाताने किल्ली माझ्यात घातली आणि फिरवली. मी अर्ध्यावर अडलो. दार उचलायला दुसरा हात हवा, आणि दुसरा हात तर चालत नव्हता. त्यांनी गुडघ्याने ढकललं, खांद्याने रेटलं. काठी घसरून खाली पडली. ती उचलायला वाकण्याचा धीर त्यांना झाला नाही.

दोन तास ते पायरीवर उन्हात बसले. किल्ली माझ्यातच लटकत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं तर म्हणायचे, "वारं खात बसलोय." एप्रिलच्या उन्हात! शेवटी समोरच्या घरातले धोंडीराम आले. सरांच्या बरोबरीचे, लहानपणापासूनचे मित्र.

"अरे बे, किल्ली हाय की दाराला. मग भाहेर कावून बसलास?"

माझी खोड धोंडीरामांनाही ठाऊक होती. त्यांनी एका हाताने दार उचललं, दुसऱ्याने किल्ली फिरवली. एका क्षणात मी उघडलो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

त्या दिवसानंतर सरांनी एकट्याने उंबरा ओलांडला नाही. आणि ते घरात म्हणून चतुराबाईही घरात. त्यांच्या बहिणीच्या नातीचं बारसं झालं, चकलांब्याहून तीन वेळा फोन आला. "न्हाई गं जमत," त्या हसत म्हणाल्या. फोन ठेवल्यावर बराच वेळ दाराकडे बघत बसल्या. मी दिवसचे दिवस फिरलोच नाही. घर उघडंच असायचं आणि तरी त्यातून कुणी बाहेर जायचं नाही.

मोहिनीने सुचवलं, "पप्पा, आकडे दाबून उघडायचं कुलूप मिळतं. मी पाठवते." तिने फोटो पाठवला. दारावर हा एवढा काळा डबा!

"न्हाई," सर म्हणाले. "गल्लीतला प्रत्येकजण विचारील, हे कावून बसवलं. मग प्रत्येकाला माझ्या हाताचं सांगत बसू का?"

पण त्या फोटोने त्यांच्या डोक्यात भुंगा सोडला. दिवसभर मोबाइलवर कुलपांचे व्हिडिओ बघायचे. चष्मा कपाळावर, चहा गार. चतुराबाई म्हणायच्या, "दुसरं येड न्हाई का काई?" आणि एका सकाळी आंघोळीच्या आधीच त्यांनी मोहिनीला फोन लावला.

"सापडलं! अगं, सगळं पोटात जातंय! मोटर पोटात, सेल दांड्यात. भाहेरची चकती तीच, आतली फिरकी तीच. मोबाइल खिशात ठेवायचा अन् चकतीला नुसतं बोट लावायचं. कुणाला पत्ता लागणार न्हाई!"

पोट म्हणजे माझं पोट! माझ्या आत काय काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

आठ दिवसांनी खोकं आलं. मोहिनी म्हणाली, रविवारी मी येते, माणूस बोलावून बसवून घेऊ. सरांना रविवारपर्यंत दम कुठला? त्यांनी दारासमोर खुर्ची टाकली, पेचकस मांडीवर ठेवला आणि हाक मारली, "चतुरा, इकडं ये. तुला आज फिटरचं काम शिकवतो."

"मला? आत्ता या वयात?"

"माझा उजवा हात तू. डोकं माझं."

चतुराबाईंनी पदर खोचला. पहिला स्क्रू उलटाच फिरवला. "डावीकडं, डावीकडं!" सर ओरडले. "तुमचं डावं का माझं डावं?" दोघंही हसायला लागली. या घरात पाच-सहा महिन्यांत ऐकलेलं ते पहिलं मोकळं हसू. मग फिरकी निघाली, चकती निघाली आणि माझा जुना दांडा बाहेर आला. बारा वर्षांचा माझा सोबती, घासून घासून एका बाजूने चकाकणारा. सरांनी तो हातात घेतला आणि त्या चकाकीवर अंगठा फिरवत राहिले.

नवा दांडा सरकवला, मोटर बसवली, वर पुन्हा माझीच चकती आणि माझीच फिरकी. दार लावून सरांनी मोबाइलवर बोट टेकवलं. घुर्रर्र! माझ्या पोटात कुणीतरी जागं झालं! कुणाचा हात नाही, किल्ली नाही, आणि दांडा आपोआप पुढे निघाला. किती मजा! आणि चौकटीच्या पट्टीला खट्‌कन आपटून परत मागे आला.

पुन्हा घुर्रर्र. पुन्हा खट्. मोबाइलवर लाल अक्षरं आली.

"बिघडलेलंच पाठवलं वाटतं," चतुराबाई म्हणाल्या. "परत पाठवा."

सर म्हणाले, "काजळ आण."

"काय?"

"आयटीआयत आमी निळा रंग लावायचो. कुठं घासतंय ते कळतं. काजळ चालंल."

दांड्याच्या टोकाला काजळ फासलं, दार लावलं, फिरकी फिरवून बघितली, दार उघडलं. पट्टीच्या भोकाच्या खालच्या काठावर काळी रेघ. सरांनी पेन्सिलीने खूण केली, मोजपट्टीने मोजलं. दोन मिलिमीटर. भोक दोन मिलिमीटर वर बसलं होतं, आणि ते बसवलं होतं त्यांनी स्वतः.

"सागवान फुगलं नव्हतं, चतुरा," ते हळूच म्हणाले. "चूक माझी हाय. अर्धा मिलिमीटर चुकला तर पोरांना मी काम परत करायला लावायचो. अन् इथं बारा वर्षं सगळ्यांना दार उचलायला लावलं. त्या दिवशी उन्हात बसलो तेबी माझ्याच चुकीनं."

मला वाटलं, आता सगळं आवरून ठेवतात. माझं नवं पोटही जातं.

चतुराबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. "मग? पोरांना काय सांगायचे तुमी? रडत बसा म्हणायचे का?"

सरांनी वर पाहिलं. "म्हणायचो, कानस घे."

"कुठं हाय कानस?"

मागच्या पडवीत सरांचा जुना व्हाइस होता. पट्टी त्यात आवळली. चतुराबाईंनी दोन्ही हातांनी कानस धरली, सर शेजारी उभे. "पुढं जाताना दाब. मागं येताना उचल. घाई न्हाई. खांदा हलव, मनगट न्हाई." भाकरी थापणारे ते हात तासभर लोखंड घासत होते. घामाने कपाळ भिजलं. मग पटाशीने चौकटीचं लाकूड थोडं उकरलं, पट्टी परत बसवली. सरांनी बोटाने काठ चाचपला आणि मान हलवली. "पास."

दार लावलं. सर म्हणाले, "आता तू लाव बोट."

चतुराबाईंनी पदराला बोट पुसून चकतीला टेकवलं. घुर्रर्र... आणि दांडा लोण्यात गेल्यासारखा आत गेला! पुन्हा बोट. सुर्रकन परत! अडणं नाही, उचलणं नाही, काही नाही. बारा वर्षांत मी असा कधी फिरलो नव्हतो. मला ओरडावंसं वाटत होतं.

चतुराबाईंनी किल्लीही घालून बघितली. तीही एका हाताने अलगद फिरली. त्या थबकल्या. "अहो, आता तर किल्लीनंबी उघडतंय. मग हे नवं कशाला?"

सरांनी काठी वर करून दाखवली. "हा हात काठीला लागतो. किल्ली धरली तर काठी सोडावी लागती. बोट तेवढं मोकळं हाय."

त्या दुपारभर दोघांनी मला किती वेळा उघडलं आणि लावलं, मोजदाद नाही. मोहिनीला व्हिडिओवर दाखवलं. ती म्हणाली, "पप्पा, काहीच बदललेलं दिसत नाही!" सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "तेच तर काम हाय."

मागच्या बुधवारी चतुराबाईंनी पिशवी भरली. नातीसाठी टोपडं, बहिणीसाठी शेंगदाण्याची चटणी. चकलांब्याची एसटी अकराची. दारात तीन वेळा वळल्या. "मोबाइल खिशात हाय ना? चार्जिंग हाय ना? उद्या संध्याकाळी येतेच मी." सर म्हणाले, "जा की आता, गाडी जाईल."

त्या गेल्या. थोड्या वेळाने सरही निघाले. मला मागे लावून, काठी टेकत, गल्लीच्या तोंडापर्यंत, आणि मग त्याच्याही पुढे. तासाने परत आले तेव्हा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. पायरीवर उभे राहिले. काठी हातातच. एक बोट लांब केलं, चकतीला लावलं.

मी उघडलो.

आत येऊन ते खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच फोन वाजला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"उघडलं का?"

"कवाच. चहा ठेवतोय आता."

पलीकडे लहान पोरीच्या खिदळण्याचा आवाज. मग चतुराबाई, अगदी हळू आवाजात, "मग... मी अजून दोन दिवस ऱ्हाऊ का हो?"

"चार ऱ्हा," सर म्हणाले.

त्या चार दिवस राहिल्या.

तर असा मी आहे सध्या. गल्लीत कुणाला काही ठाऊक नाही. पोस्टमनला मी तोच जुना वाटतो, दूधवाल्यालाही. तुम्हाला विश्वासाने सांगितलंय, तेवढं पोटात ठेवा. आणि एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणाला दार जड जात असेल, तर त्याचा हात धरण्याआधी एकदा दाराकडे नीट बघा.

आज आठवडी बाजार. चतुराबाई बैठकीला गेल्यात, सर भाजी आणायला. घर रिकामं आहे आणि ते सगळं माझ्या भरवशावर आहे. पायरीवर काठी वाजतेय... सर आले वाटतं. चला, मला काम आहे!