कालचा होकार

मर्लच्या हनुवटीवर कागदाचा एक कपटा चिकटला होता आणि त्याच्या मधोमध मोहरीएवढा रक्ताचा ठिपका होता. दाढी तो फक्त रविवारी करायचा, चर्चला जायचं म्हणून. आज मंगळवार. आज साउथ डकोटात पक्षाचं मतदान होतं, अध्यक्षपदासाठी पक्षानं कुणाला उभं करायचं याचं, आणि शहात्तराव्या वर्षी मर्ल पहिल्यांदाच त्याला निघाला होता. इस्त्रीचा शर्टही त्यानं स्वतःच शोधून काढला होता. त्याची बायको आर्डिस त्या ठिपक्याकडे पाहत राहिली, कारण रेडिओकडे पाहायचा तिला धीर होत नव्हता.

उमेदवारीसाठी लागणारी प्रतिनिधींची संख्या गव्हर्नर हॅलोरनबाईंनी काल रात्रीच पुरी केली, रेडिओ सांगत होता. पक्षाच्या बांधील नसलेल्या प्रतिनिधींना वृत्तसंस्थेनं फोन करून विचारलं होतं; त्यांची नावं मात्र दिली जाणार नाहीत.

"म्हणजे झालं पण?" मर्लनं कप खाली ठेवला. "मत आज द्यायचं आणि निकाल काल लागला?"

"फोनवरची बेरीज आहे ती. खरं मतदान जुलैत, पक्षाच्या अधिवेशनात."

"हो, आणि जुलैपर्यंत ही मंडळी मनं बदलणार." तो हसला. "पाहुणे यायच्या आतच पंगत उठली म्हणायची. पण तू तरी थांबलीस, आर्डिस. बाकीचे घाईचे निघाले."

तू तरी थांबलीस... तिनं कप उचलून नळाखाली धरला. कप स्वच्छ झाला तरी पाणी वाहतच राहिलं.

मार्चमधली ती संध्याकाळ – तो मागच्या दाराची जाळी बसवत होता, तोंडात खिळे, आणि खिळ्यांच्या मधूनच त्यानं विचारलं होतं, "राज्यानं टॉलिव्हरला कौल दिला, तरी तू त्या बाईला मत देऊ शकतेस?" देऊ शकते, ती म्हणाली होती. पक्षाची राज्य-उपाध्यक्षा म्हणून ती आपोआप प्रतिनिधी होती. लोकांच्या कौलाचं बंधन तिच्यावर नव्हतं. त्यानं खिळे तळहातावर काढून घेतले. "मग आम्ही कशाला जायचं?" आणि तेव्हा, त्या तळहाताकडे पाहून, तिनं शब्द दिला होता – आपल्या लोकांची मतं पडेपर्यंत मी तोंड उघडणार नाही. मर्ल कधी कुठल्या पुढाऱ्याच्या नादी लागला नव्हता. पण गावातला वृद्धाश्रम बंद झाला, त्याच्या थोरल्या भावाला, ऑरिनला, दोन तासांच्या अंतरावर नेऊन ठेवावं लागलं, आणि तिथे अनोळखी माणसांतच तो वारला. मग सेनेटर टॉलिव्हर गुरांच्या लिलावाच्या शेडमध्ये आले, तिथे मर्लनं उभं राहून ऑरिनबद्दल सांगितलं, आणि त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. एवढंच. एवढ्यावर माणूस मंगळवारी दाढी करतो.

आणि काल दुपारी ती रुबार्बचे देठ चिरत होती. तोच तो वृत्तसंस्थेचा मुलगा, दर आठवड्याला फोन करणारा, दर वेळी माफी मागून सुरुवात करणारा. "अजून ठरलं नाही," हे तिचं नेहमीचं उत्तर तोंडावर आलंही होतं... पण ठरलं होतं. टॉलिव्हर भले असतील, नोव्हेंबरात निवडून येणार नाहीत, हे तिला हिवाळ्यापासून ठाऊक होतं. हात चिकट होते, फोन खांद्यात दाबून मान अवघडली होती, आणि खरं तेच सांगायचं तर आज काय नि उद्या काय... "हो, लिहून घे. हॅलोरन." पलीकडे आवाज थांबला. ती शांतता जरा लांबली. मग त्यानं दोनदा आभार मानले. पोराला गहिवरून आलं असं तिला वाटलं होतं. तो बेरीज करत होता.

की नव्हता? तिच्यासारखे शेकडो होते, सगळ्यांनाच फोन जात होते. शेवटचा आकडा कुणाचा, हे कळायचा मार्ग नव्हता. मर्ल तीस वर्षं धान्याच्या कोठारात वजनकाट्यावर होता. ट्रक मर्यादेपेक्षा जड भरला की ड्रायव्हर भांडायचे, आणि घरी येऊन तो म्हणायचा, काटा कुठल्या दाण्यानं कलला ते सांग म्हणतात, लेकाचे! तिला तेव्हा हसू यायचं. आता तिला कळत होतं की ते हुज्जत घालत नव्हते. त्यांना तेवढा एक दाणा खाली काढून ठेवायचा होता.

"येतेस ना?" मर्ल टोपी घालून दारात उभा होता. "संपलेल्या मतदानाला?"

चर्चच्या तळघरातल्या मतदान केंद्रात टेबलामागे फिलिस बसली होती, समोर आपल्याच घरच्या लिंबाच्या वड्यांची ताटली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. "काय मर्ल, वाट चुकलास का? आज भजनं नाहीत."

"बायको घेऊन आली. ती मोठी असामी."

"वडी घे. घेणारं कुणी नाही. सकाळच्या बातम्या ऐकून लोकांनी गाड्या परत फिरवल्या."

आर्डिसनं आडोशामागे उभं राहून मतपत्रिकेवर टॉलिव्हरच्या नावापुढची गोल जागा भरली, नीट, कडेपर्यंत. मनात काहीतरी हलेल असं तिला वाटलं होतं. मोजायला गेलं तर हेच मत निरुपयोगी, आणि फोनवरचं ते मत... मी हे कुणाला दाखवते आहे? शेजारच्या आडोशाखालून मर्लचे बूट दिसत होते, पॉलिश केलेले. तो फार वेळ लावत होता. एकच गोल भरायचा होता.

गाडीत बसल्यावर त्यानं किल्ली फिरवली नाही. समोरच्या रिकाम्या वाहनतळावर वारा धूळ ढकलत होता.

"ऑरिनला आवडलं असतं," तो म्हणाला. "मी मत दिलं ते. फुकटच गेलं, तरी."

आता. आता सांगायचं. मर्ल, काल दुपारी मी... वाक्य सकाळपासून जिभेवर तयार होतं, आणि सकाळपासून तेच एक तिच्या आत धडधडत होतं. तिनं तोंड उघडलं. सांगितलं तर ओझं तिचं उतरणार होतं, चढणार होतं त्याच्यावर. नाही सांगितलं तर जुलैत तो टीव्हीसमोर बसणार, आणि ती हॅलोरनचं नाव घेईल तेव्हा म्हणणार, थांबली होती बिचारी, शेवटपर्यंत. तिनं दोन्ही तोलून पाहिलं, पुन्हा तोलून पाहिलं...

मग तिनं हात लांबवून त्याच्या हनुवटीवरचा कपटा हलकेच सोडवला.

"अजून होता होय तो?" मर्ल म्हणाला. "फिलिसनं पाहिला असणार."

"पाहिला असणार," ती म्हणाली. आणि तिच्या ध्यानात आलं, आत आता काहीच धडधडत नव्हतं. सांगावंसं वाटणंच केव्हातरी, या एवढ्या वेळात, संपून गेलं होतं. कपटा टाकायला गाडीत कुठे जागा नव्हती. तिनं तो मुठीत धरला.