रुमाल बांधलेली घंटा

मित्रांनो, मी शेअर बाजाराच्या जुन्या दालनातली पितळी घंटा आहे. एका मोठ्या पडझडीत घरंच्या घरं बसली, तेव्हा नियम झाला की भाव ठरलेल्या मर्यादेखाली कोसळले, तर घंटा वाजवून व्यवहार थोडा वेळ थांबवायचे. घाबरलेल्या माणसाला श्वास घेता यावा, एवढ्यासाठीच मला ओतलं गेलं.

माझी दोरी बाजाराच्या निरीक्षक ताईंच्या हाती होती. रोज सकाळी त्या मला एकदा वाजवून पाहत. तेव्हा दलाल जाता-येता मला मायेने थोपटत. मग चांगले दिवस आले. भाव चढत गेले, तशी मी नकोशी झाले.

"ताई, ही अवदसा रोज कशाला बोंबलते गं?" ताईंचा धाकटा भाऊ चिडवायचा. तोही दलालच. एकदा त्याने स्टुलावर चढून माझ्या लोलकाला रुमाल घट्ट बांधला. सगळे हसले. ताई सोडायला गेल्या, तर वरचे साहेबच म्हणाले, "राहू द्या हो, कानाला तेवढाच आराम."

मी मुकी झाले. माझ्यावर धूळ साचली.

एका दुपारी एक मोठी बँक बुडाल्याची बातमी आली आणि भाव गडगडले. जो तो "विका, विका" ओरडू लागला. ताईंनी दोरी ओढली. धप्! कुणी मान वळवली नाही. भाऊ विकणाऱ्यांच्या रांगेत अगदी पुढे पोचला होता.

"चढ वर, सोड ती गाठ!" ताई त्याच्यावर ओरडल्या.

"आधी माझं विकू दे गं, घर जाईल माझं!"

"आणि या सगळ्यांची घरं? गाठ तू मारलीयस."

त्याने मागच्या रांगेकडे वळून पाहिलं. मग रांग सोडून स्टुलावर चढला. गाठ बोटांनी सुटेना, म्हणून त्याने ती दातांनी सोडवली. मी कंठ फुटल्यासारखी वाजले.

दालन शांत झालं. कुणी पाणी प्यायलं, कुणी घरी फोन लावला. पुन्हा व्यवहार सुरू झाले, तेव्हाही भाव उतरलेच. पण जिना उतरावा तसे, गच्चीवरून पडावं तसे नव्हे. अनेकांचं निभावलं. ताईंच्या भावाचं घर मात्र गेलं.

ताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "माझ्याकडे चल. मागची खोली रिकामीच आहे. आणि तो रुमाल धू आधी, शी!"

आता बाजार थांबवायचं काम संगणक करतात. मी कोपऱ्यात असते. पिकल्या केसांचा भाऊ अधूनमधून येतो, त्याच रुमालाने मला पुसतो आणि लोलक हलवून पाहतो.

मित्रांनो, मला चकाकी नसली तरी चालेल. पण तुमचे दिवस चांगले असतील, तेव्हाही मला एकदा वाजवून बघत जा.